विझत्या ताऱ्याची हिरवी रेघ



मागच्या थंडीत औंढा नागनाथाला गेलो होतो. दर्शन आटोपून देवळाबाहेर चहा घेत बसलो असता दुधाळ्याकडचे एक वयस्कर शेतकरी शेजारी येऊन टेकले. मी हिंगोलीच्या कॉलेजात शिकवतो हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "सर, आमच्याकडं ती लायगोची जागा घेतलीय. तिथं मोठी दुर्बीण लावून तारेच बघणार ना?"

मी म्हणालो, "नाही काका. तिथं आकाश बघायची दुर्बीण नसणार. दूर कुठं दोन तारे एकमेकांवर आदळले, तर त्याचा हादरा तेवढा तिथं कळणार. तारा काही दिसायचा नाही."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आन् मग बघणार कोण?"

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर मला चहा संपेपर्यंत देता आलं नाही. आज ते द्यावे म्हणून हे भाषण. उत्तर जुने आहे आणि ते शोधायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

1892 सालच्या 1 फेब्रुवारीची गोष्ट. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहरातल्या वेधशाळेचे प्रमुख राल्फ कोपलंड यांच्या टपालात एक साधे कार्ड आले. खाली नाव नाही, गाव नाही. सारथी या तारकासमूहात, आकाशगंगेच्या पट्ट्यात, एक नवा तारा दिसतो आहे, एवढाच मजकूर. कोपलंड यांनी त्याच रात्री दुर्बीण लावली, आणि तारा खरोखरच तिथे होता! कार्ड टाकणारे गृहस्थ पुढे ओळखू आले. थॉमस अँडरसन त्यांचे नाव. कोणत्याही वेधशाळेत नोकरीला नसलेला हा हौशी माणूस. त्यांच्याजवळ एक नकाशा आणि एक लहानशी दुर्बीण होती. गंमत अशी की आठवडाभर तो तारा त्यांना दिसत होता, पण हा नकाशातलाच दुसरा एखादा असेल असे समजून ते स्वस्थ बसले होते.

बातमी पसरल्यावर अमेरिकेत हार्वर्ड येथे जुन्या छायाचित्रांच्या काचा बाहेर काढण्यात आल्या. पाहतात तो हा तारा 10 डिसेंबर 1891 पासून त्या काचांवर उमटलेला! म्हणजे तो जवळजवळ दोन महिने आकाशात लुकलुकत होता आणि पृथ्वीवर कोणाचे लक्ष नव्हते.

ताऱ्यांच्या तेजाचा हिशेब आपण 'प्रती'त करतो. अंधाऱ्या रात्री डोळ्यांना जेमतेम दिसतो तो सहाव्या प्रतीचा. प्रतीचा आकडा जसजसा वाढेल तसतसा तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. सारथीतला हा तारा साडेचार प्रतीपर्यंत चढला होता. मार्चमध्ये तो घसरू लागला आणि एप्रिल संपता संपता सोळाव्या प्रतीच्या आसपास पोचला, म्हणजे तीनचार महिन्यांत त्याचे तेज सुमारे 40,000 पटींनी उतरले. मोठमोठ्या दुर्बिणींनाही तो दिसेनासा झाला. लोकांनी वह्या मिटल्या.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. पण त्याआधी वर्णपट म्हणजे काय ते सांगायला हवे.

चुलीत मिठाचा खडा पडला तर ज्वाळ पिवळी होते, हे आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झाले की आपापले ठरावीक रंग टाकते. लोलकातून तो उजेड नेला की हे रंग बारीक रेघांच्या रूपाने वेगवेगळे उभे राहतात. सातबाऱ्यावरून जसा जमिनीचा मालक कळावा तसा या रेघांवरून तिकडे कोणते मूलद्रव्य आहे ते कळते, मग तो तारा कितीही लांब असो. इंग्लंडमधले विल्यम हगिन्स यांनी ही युक्ती पहिल्यांदा नवताऱ्याला लावली ती 1866 च्या मे महिन्यात. उत्तर मुकुट या तारकासमूहात तेव्हा एक तारा एकाएकी उजळला होता, आणि त्याच्या वर्णपटात हगिन्सना हायड्रोजनच्या झगझगीत रेघा दिसल्या. तेथे तापलेला वायू आहे, हे नक्की झाले.

याच हगिन्सनी त्याआधी, 1864 साली, आकाशातल्या धुरकट डागांकडे, म्हणजे तेजोमेघांकडे, आपले यंत्र वळवले होते. तेथे त्यांना एक हिरवी रेघ सापडली. ही रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. पुढे लोकांनी कंटाळून 'नेब्युलियम' नावाचे एक नवेच मूलद्रव्य कल्पिले, आणि रेघ त्याच्या नावावर करून टाकली.

आता पुन्हा 1892 कडे येऊ. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेने सहज म्हणून त्या विझलेल्या ताऱ्याच्या जागी दुर्बीण रोखली. तारा परत दहाव्या प्रतीपर्यंत वर आला होता! कँबेल नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने त्याचा वर्णपट पाहिला, तर त्यात तीच हिरवी रेघ. फेब्रुवारीत जो तारा होता तो ऑगस्टात तेजोमेघासारखा दिसू लागला होता. वह्या मिटून बसलेल्यांना हे कळलेच नसते.

ही हिरवी रेघ त्या दिवसांत आपल्या महाराष्ट्रातही एका माणसाच्या डोळ्यांसमोर होती. ही हकीकत आपल्या शाळांच्या पुस्तकांत येत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. मुंबईचे पारशी. एम.ए. झाल्यावर 1882 च्या सुमारास ते एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञानाचे व्याख्याते झाले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला भेट दिली तेव्हा त्यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी मदत मागितली. महाराजांनी 5,000 रुपये दिले, आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. 1884 साली नायगमवाला विलायतेला गेले, तेथल्या ज्योतिषांशी बोलले, आणि परत आले ते प्रयोगशाळेऐवजी वेधशाळेचा बेत घेऊन. मुंबईची हवा दमट म्हणून जागा पुण्याची ठरली. कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे पुढे जे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले तेथे, 1888 साली 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली दुर्बीण आली. पुढे तिला 20 इंची आरसा बसला आणि ती भारतातली त्या काळची सर्वांत मोठी दुर्बीण ठरली.

त्या वेळी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांचा शब्द म्हणजे जवळजवळ कायदा होता. त्यांचे म्हणणे असे, की तारे आणि तेजोमेघ उल्कांच्या थव्यांतून बनतात, आणि ती हिरवी रेघ म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या एका रंगीत पट्ट्याची उरलेली कड आहे. हे खरे असते तर रेघ एका बाजूला धारदार आणि दुसऱ्या बाजूला पुसट, पिसाऱ्यासारखी दिसायला हवी होती. म्हणजे वादाचा निकाल एवढ्या एका निरीक्षणावर येऊन ठेपला.

मृग नक्षत्र आपल्याला पेरणीमुळे पाठ आहे. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली तीन फिकट ठिपके लोंबताना दिसतात. त्यांतला मधला ठिपका म्हणजे तेजोमेघ. पुण्यात नायगमवालांनी आपला वर्णपटदर्शक त्याच्यावर लावला, हिरवी रेघ पुन्हा पुन्हा पाहिली, आणि 1891 साली लंडनच्या रॉयल अस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात लिहून कळवले, की रेघ अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव आहे. लिक वेधशाळेत कीलर यांनी केलेली अचूक मापेही लॉकियर यांच्या विरुद्ध गेली. मॅग्नेशियमचा दावा टिकला नाही. वसाहतीतल्या एका कॉलेजातला मास्तर साहेबाच्या सिद्धांताला 'मला असे दिसत नाही' म्हणतो, आणि त्याचे ते म्हणणे साहेबाच्याच देशात छापले जाते. मला या गोष्टीत शोधापेक्षाही त्या माणसाचे धैर्य मोठे वाटते.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला हेच नायगमवाला सोलापूरकडे जेऊर येथे तळ ठोकून बसले आणि सूर्याच्या प्रभामंडलाचे वर्णपट त्यांनी टिपले. पण त्यांच्यामागे काम चालवणारा माणूस तयार झाला नाही. 1912 साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, यंत्रे पेट्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाली. पुण्याला चोवीस वर्षे मिळालेला तो डोळा तेथे मिटला. दुर्बीण मात्र चिवट निघाली. 1980 च्या दशकात नव्या वेधशाळेसाठी जागा पारखायला तीच लडाखात लेहजवळ नेली होती.

आणि ती हिरवी रेघ? तिचे कोडे सुटायला 1927 साल उजाडले. अमेरिकेतले आयरा बोवेन यांनी गणिताने दाखवले, की नेब्युलियम नावाचे काही नाहीच. ती रेघ आपल्या रोजच्या श्वासातल्या ऑक्सिजनची आहे, मात्र दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. असा अणू थोडा चेतवला गेला की तो हिरवा उजेड टाकायला अर्ध्या मिनिटाच्या घरात वेळ घेतो. तेवढा वेळ त्याला कोणी धक्का देता कामा नये. आपल्या मंगळवारच्या बाजारात भर गर्दीत अर्धे मिनिट एका जागी उभे राहून बघा, जमत नाही. प्रयोगशाळेतल्या चांगल्यात चांगल्या निर्वात नळीतही अणूंची गर्दी त्या बाजारासारखीच असते. तेजोमेघात मात्र माळरानासारखी सामसूम असते, म्हणून तेथे ही रेघ उमटते.

विझता नवतारा हिरवा का होतो, तेही यातून उलगडले. 1954 साली मर्ल वॉकर यांनी 1934 च्या एका जुन्या नवताऱ्याचे तेज मोजताना पाहिले, की ती ताऱ्यांची जोडी आहे, आणि ते दोघे 4 तास 39 मिनिटांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. पुढे अशी पुष्कळ उदाहरणे मिळाली. एक तारा म्हातारा, आकसून पृथ्वीएवढा झालेला, पण वजनाने सूर्याच्या तोडीचा. दुसरा धडधाकट. धडधाकटाचा हायड्रोजन म्हाताऱ्यावर वर्षानुवर्षे सांडत राहतो, त्याचा थर साचतो, तापतो, आणि एके दिवशी तो सगळा थर भडकून उधळला जातो. म्हणजे 'नवा तारा' हे नावच चुकीचे. तारा जुनाच असतो. पहिल्या दिवसांत उधळलेला वायू इतका दाट असतो की आतले काही दिसत नाही. सकाळच्या दाट धुक्यात गाव हरवते तसे. तो पसरत, विरळ होत जातो तेव्हा तेज उतरते, आणि त्याच वेळी आतले एकेक घर दिसू लागते. गर्दी संपली की ऑक्सिजनची हिरवी रेघ येते. तेव्हा नवतारा उजळतो त्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते, पण त्याच्या पोटात काय आहे हे तो मावळताना कळते.

आता प्रश्न राहिला बघणाऱ्यांचा. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. राजधानीत नवाब जफर जंग यांनी 1901 साली स्वतःच्या हौसेने वेधशाळा काढली. त्यांच्या मागे 1908 साली ती सरकारकडे आली. 15 इंची दुर्बिणीतून भास्करन यांच्या काळात तेथे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणे होत. त्याच वेधशाळेतल्या एका साहाय्यकाचा मुलगा वैणू बाप्पू. त्याचे बालपण या दुर्बिणींच्या सावलीत गेले, आणि पुढे त्यानेच तमिळनाडूत कावलूरची वेधशाळा उभी केली.

त्याच काळात बंगालात जेसोर येथे राधागोविंद चंद्र नावाचे सरकारी खजिन्यातले कारकून होते. दिवसा नाणी मोजायची, रात्री ताऱ्यांचे तेज. 1918 च्या जूनमध्ये गरुड तारकासमूहात एक नवतारा व्याधाच्या खालोखाल झळकला, तो त्यांनी 7 जूनला स्वतः पाहिला आणि हार्वर्डला कळवला. त्यानंतर अमेरिकेतल्या निरीक्षक संघाला त्यांनी पाठवलेल्या नोंदी 37,000 हून अधिक भरल्या. संघाने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. ती पुढे बाप्पूंकडे आली आणि कावलूरला पोचली. पदवी नसलेल्या कारकुनाची दुर्बीण देशाच्या वेधशाळेत!

अलीकडची एकच गोष्ट सांगतो. भुजंगधारी तारकासमूहात एक तारा वारंवार भडकतो: 1898, 1933, 1958, 1967, 1985, 2006 आणि 2021. 1985 च्या वेळी कावलूरहून प्रभू आणि अनुपमा यांनी त्याचे वर्णपट घेतले. 12 फेब्रुवारी 2006 ला तो पुन्हा भडकला तेव्हा आपल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, जीएमआरटी सज्ज होती. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. निमिषा कंथारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे विसाव्या दिवशी 610 मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज लागला, आणि त्याहून खालच्या 325 मेगाहर्ट्झवर आणखी काही दिवसांनी. आवाज म्हणजे रेडिओ लहरी. आपण आत्ता मला ऐकता त्याच जातीच्या. खालची लहर उशिरा का? तर ताऱ्याभोवतीचा दाट वायू तिला अडवून धरतो. तो मागे पडत गेला तशी वाट मोकळी झाली. इतक्या खालच्या लहरींवर त्या ताऱ्याचा ठाव पूर्वी कोणालाही लागला नव्हता. याच खोडदच्या तबकड्यांनी 1901 मध्ये ययाति समूहात उजळलेल्या नवताऱ्याचे अवशेषही शंभर वर्षांनंतर टिपले. तो 1901 चा तारा शोधणारे कोण? तेच, निनावी कार्ड टाकणारे अँडरसन.

आता औंढ्याच्या काकांचे उत्तर. 17 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांना सुमारे शंभर सेकंदांची थरथर जाणवली. तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळले होते. आपण आत्तापर्यंत बोललो तसला हा नवतारा नव्हे, त्याहून फार प्रचंड घटना. पण पुढची रीत तीच. इटलीतल्या यंत्राच्या मदतीने दिशा ठरली, सुमारे अकरा तासांनी चिलीतल्या दुर्बिणीला त्या जागी नवा ठिपका सापडला, आणि मग जगभर धावपळ झाली. कारण तो विझत होता. पहिल्या दोन दिवसांत निळा, मग तांबूस. रोज वर्णपट घेतले म्हणून तर 2019 साली त्यांत स्ट्राँशियमची खूण ओळखता आली, आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशाच टकरींत घडतात या विचाराला आधार मिळाला. औंढ्याच्या यंत्राला केंद्राने 2023 च्या एप्रिलमध्ये अंतिम मंजुरी दिली. ते उभे राहील तेव्हा हादरा कोणत्या दिशेने आला हे पुष्कळ नेमके सांगता येईल. हादरा औंढ्याला कळेल. पण बघायचे काम डोळ्यांचे आणि दुर्बिणींचेच राहील, आणि तेही लगेच, तारा विझण्याआधी.

शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे. ऑगस्ट 2013 मध्ये धनिष्ठा नक्षत्राजवळ एक नवतारा साडेचार प्रतीच्याही वर चढला होता. मी कॉलेजच्या अकरा मुलामुलींना गच्चीवर नेले. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे चार रात्री ढगच पाहिले. रीत अगदी सोपी: ज्याची प्रत ठाऊक आहे असा त्याच्याहून थोडा तेजस्वी तारा एक घ्यायचा, थोडा मंद एक घ्यायचा, आणि आपला पाहुणा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवून तारीख-वेळेसह लिहायचे. दोघांच्या आकड्यांत फरक पडला तर दोन्ही लिहायचे, खोडायचे नाही. पोळ्यापर्यंत सातजण उरले. गणपती बसले तोवर तारा नुसत्या डोळ्यांना दिसेना, आणि गच्चीवर एकच मुलगी यायची, द्विनेत्री घेऊन. सेनगावकडची. तिची वही अजून माझ्याकडे आहे.

1866 साली हगिन्सनी पाहिलेला उत्तर मुकुटातला तारा 1946 च्या फेब्रुवारीत पुन्हा उजळला होता. ऐंशी वर्षांचा तो हिशेब धरून 2024 पासून जगभरचे निरीक्षक त्याची वाट पाहू लागले. एरवी तो दहाव्या प्रतीचा असतो. त्या दोन्ही वेळी दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत चढला आणि आठवड्याभरात डोळ्यांआड झाला. वैशाखात रात्री नऊच्या पुढे स्वाती डोक्याकडे सरकलेली असते. तिच्या ईशान्येला अर्ध्या बांगडीसारखी सात ताऱ्यांची कमान दिसते, तोच उत्तर मुकुट. कमानीतला सर्वांत ठळक तारा 2.2 प्रतीचा आहे. नेहमीची कमान मुलांच्या वहीत आधी काढून घ्यावी, म्हणजे तिच्या पूर्वेकडच्या टोकाशी एखादा ठिपका जास्तीचा दिसला तर लगेच कळेल.